देवाची वकिली नको : इंदूरच्या मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, फादर, मंडळीचे वडील, महिला संघाच्या भगिनी आणि घरोघरी प्रार्थना घेणारे बंधू,

प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

मी इंदूरचीच. नोकरी नर्सची केली, आता निवृत्त आहे. रविवारी उपासनेआधी शब्बाथशाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते आणि मंडळीत कुणी आजारी पडलं की जाऊन सोबत करते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मी जवळून ओळखते. कुणी माझ्या मुलांचं दृढीकरण केलं, कुणी माझ्या आईच्या दफनविधीत प्रार्थना केली. त्या हक्काने हे लिहिते आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. देवाने जे सांगितलेलं नाही ते त्याच्या वतीने आपण सांगू नये. आजाऱ्याच्या उशाशी नाही, कबरस्तानात नाही, मुलांच्या वर्गातही नाही. "हे असं का झालं ते आम्हाला ठाऊक नाही" हे वाक्य पाळकाच्या तोंडून, पुलपिटवरून, न अडखळता ऐकू यायला हवं.

मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. आपल्या बहुतेक उपासना हिंदीत होतात, गाणीही हिंदीत. पण नगर, जालना, नाशिककडून दोन-तीन पिढ्यांमागे इथे आलेल्या आपल्या घरांमध्ये, मग ते घर रामबागेत असो की राजेंद्रनगरात, माणूस गेल्यानंतरची पहिली रात्र अजून मराठीतच जाते. त्या रात्री आणि तिच्याआधीच्या दवाखान्यातल्या रात्रींना जे बोललं जातं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

ते बोलणं मी वर्षानुवर्षं पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून ऐकलं आहे. मूल गेलं की "देवाला ते फूल आवडलं". तरुण नवरा गेला की "देवाची योजना आपल्याहून मोठी". दुखणं लांबलं की "देव परीक्षा पाहतोय". प्रार्थना करूनही उतार पडला नाही की "विश्वास कुठेतरी कमी पडतोय". आणि यातलं काहीच लागू पडेना की मग "घरात काहीतरी झाकलेलं पाप असणार". बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी मनापासून मानते. समोरचा माणूस कोसळलेला असतो, नुसतं गप्प बसवत नाही, काहीतरी द्यावंसं वाटतं. पण त्या वेळी आपण जे देतो ते देवाच्या नावावर देतो, आणि ऐकणारी बाई ते देवाचं म्हणूनच पदरात घेते.

एक प्रसंग लिहिते. नावगाव सांगणार नाही. एका शाळकरी मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार चालू होते, पण आशा कमी होत चालली होती. एका संध्याकाळी प्रार्थनेसाठी काही माणसं आली. त्यांच्यातल्या एकाने तेल लावून प्रार्थना केली आणि निघताना आईला बाजूला घेऊन सांगितलं की जोवर घरातलं पाप उघड होत नाही तोवर आशीर्वाद अडून राहील. माझी त्या दिवशी रात्रपाळी होती. दहाच्या सुमारास औषध द्यायला गेले तर ती बाई मुलाच्या दप्तरातली गणिताची चौकड्यांची वही मांडीवर घेऊन बसली होती. वहीच्या मागच्या पानावर तिने पेन्सिलने यादी केली होती. सासूला उलट बोलले. लग्नाआधी एकदा नवस केला होता. तीन महिने दशांश दिला नाही. शेजारणीच्या हळदीकुंकवाला गेले. प्रत्येक ओळीपुढे एक चौकट रिकामी सोडलेली होती. प्रार्थनेत कबूल करून झालं की तिथे खूण करायची. तिने वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "सिस्टर, यातलं कुठलं असेल?"

मूल पावसाळ्याच्या तोंडाशी गेलं. शेवटचे जे दिवस तिने त्याचा हात धरून काढायचे, त्यातले कितीतरी तिने त्या यादीत काढले. तिचा हा काळ आपल्यातल्याच एकाने हिरावून घेतला, आणि तोही देवाचं नाव घेऊन. त्या बंधूंवर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना जे शिकवलं गेलं तेच ते बोलले. म्हणूनच हे पत्र कुणा एकाला न लिहिता सगळ्यांना लिहिलं आहे.

कुणी म्हणेल, बायबलमध्ये पापाचा आणि आजाराचा संबंध आहे. आहे. बेथेस्दाच्या तळ्यावरच्या माणसाला बरं केल्यावर प्रभूने "यापुढे पाप करू नकोस" असं बजावलं. पौलाने करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनातल्या बेपर्वाईबद्दल असंच खडसावलं. पण ते कोण बोलत होतं? माणसाच्या आतलं ओळखणारा प्रभू, आणि त्याने नेमलेला प्रेषित. तोच प्रभू योहानाच्या नवव्या अध्यायात काय करतो ते पाहा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? शिष्यांना दोनच उत्तरं शक्य वाटतात. प्रभू दोन्ही बाजूला सारतो आणि दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे असं सांगून त्या माणसाच्या डोळ्यांना हात घालतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं दगावल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का, असं प्रभू स्वतःच विचारतो आणि स्वतःच "नाही" म्हणतो. तो बुरूज त्यांच्यावरच का पडला हे मात्र तो सांगत नाही. ऐकणाऱ्यांना तो त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवतो. मेलेल्यांचा हिशेब त्याने जिवंतांच्या हातात दिलाच नाही.

आजाऱ्याला तेल लावण्याचा आधार आपण याकोबाच्या पत्रातून घेतो. त्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करून घ्यायला सांगितलं आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करायलाही सांगितलं आहे. वडिलांनी येऊन निदान करावं, असं मात्र कुठेही म्हटलेलं नाही. आजूबाजूची माणसं ज्याला प्रारब्ध म्हणतात त्यालाच आपण "गुप्त पाप" म्हणायला लागलो आहोत. शब्द ख्रिस्ती झाला, हिशेब तोच राहिला.

मुलंबाळं, संपत्ती आणि प्रकृती गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक आपण सगळ्यांनी वाचलं आहे, पण त्यावरचा उपदेश बहुधा ईयोबाला दुप्पट मिळालं इथे येऊन संपतो. मला त्याच्या मित्रांबद्दल बोलायचं आहे. ते आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांच्याइतकी चांगली भेट कुणी दिली नसेल. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. त्यांची वाक्यं नीट वाचा, त्यात नास्तिकपणा कुठेच नाही. देव न्यायी आहे, पापाला शिक्षा होते, पश्चात्ताप केलास तर सगळं परत मिळेल. आपल्या प्रार्थनासभेत ही वाक्यं ऐकू आली तर आपण "आमेन" म्हणू. ईयोब मात्र तेराव्या अध्यायात त्यांना विचारतो, देवाच्या बाजूने तुम्ही खोटं बोलणार का, त्याची वकिली करणार का? आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही बोलला नाहीत, असं तो म्हणतो. ज्याने देवाशी भांडण मांडलं, जन्मदिवसाला शाप दिला, तो योग्य ठरला. देवाची बाजू मांडणारे चुकले, आणि त्यांच्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना करायची वेळ ईयोबावर आली.

आणखी एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. पहिल्या दोन अध्यायांत सैतान स्वर्गात ईयोबाबद्दल देवाला आव्हान देतो, ते वाचकाला कळतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो रानबकऱ्या केव्हा वितात हे विचारतो, शहामृगाबद्दल, गारांच्या कोठारांबद्दल, समुद्राच्या दारांबद्दल विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, हा तर सुरुवातीचाच प्रश्न. सैतानाच्या आव्हानाचा एक शब्दही तो काढत नाही. ईयोबाला कारण मिळालं नाही, देव भेटला. त्यावर तो शांत झाला. बायबलने एवढं मोठं पुस्तक या एका विषयासाठी दिलं आणि त्यातही कारण हातात ठेवलं नाही. मग दवाखान्याच्या भेटीच्या वेळेत, दहा मिनिटांत, आपल्याला ते कुठून सापडणार?

2021 चा एप्रिल-मे आपण कुणीच विसरलेलो नाही. या शहरात माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी आणि रेमडेसिविरसाठी रात्र रात्र धावत होती. त्या दिवसांत 91 वं स्तोत्र मोबाइलवर फिरत होतं, दारादारावर चिकटवलेलं होतं. मला ते स्तोत्र तोंडपाठ आहे आणि आजही मी ते म्हणते, कारण ते भरवशाचं गाणं आहे. पण तेव्हा आपल्यातल्या काहींनी त्याची हमी केली. हे रोज म्हणा, व्याधी तुमच्या घराजवळ येणार नाही. ज्या दारांवर ते चिकटवलेलं होतं त्या घरांतूनही माणसं गेली. चांगली, प्रार्थनाशील माणसं. मागे राहिलेल्यांपैकी कुणी ठरवलं की देव खोटं बोलला, कुणी ठरवलं की आपल्या वडिलांचा विश्वास कच्चा होता. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, आणि दोन्हींची वाट आपणच दाखवलेली. हेच स्तोत्र हमी म्हणून पुढे करणारा शुभवर्तमानात कोण आहे, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात वाचा. प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान तेच शब्द ऐकवतो : उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभू ते वचन खोटं म्हणत नाही. त्याच्या जोरावर देवाची परीक्षा पाहायला तो नकार देतो.

इथे मला उलट प्रश्न येणार हे माहीत आहे. पाळकालाच ठाऊक नसेल तर मंडळीने कुणाकडे पाहायचं? लोकांचा विश्वास डळमळेल. तरुण पोरं आधीच उपासनेला येत नाहीत.

प्रभूने काय केलं ते आधी पाहू. जगाच्या शेवटाच्या त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी बापाशिवाय कुणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं मार्कच्या तेराव्या अध्यायात तो शिष्यांसमोर उघडपणे म्हणतो. पौलाने रोमकरांच्या पत्रात तीन अध्याय खर्ची घालून इस्राएलाचं काय होणार हा अवघड प्रश्न सोडवायला घेतला. इतका विद्वान माणूस. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो देवाचे मार्ग किती अगम्य आहेत म्हणून स्तुती करत थांबतो. त्याच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. त्याला उत्तर मिळालं ते एवढंच : माझी कृपा तुला पुरे. मोशेने देवाचं तेज पाहायला मागितलं तर त्याला खडकाच्या कपारीत ठेवून पाठमोरं दर्शन मिळालं. ही आपल्या विश्वासातली सर्वांत मोठी माणसं. त्यांना जे पुरलं ते आपल्याला कमी का पडावं?

मंडळीच्या इतिहासातही हेच आहे, आणि पाळक होताना आपण तो शिकला आहात. चौथ्या शतकात युनोमियस नावाचा एक शिक्षक म्हणत होता की देवाचं मूळ स्वरूप माणसाच्या बुद्धीला नेमकं कळू शकतं. नीसाच्या ग्रेगरीने त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिले आणि मंडळीने ग्रेगरीची बाजू घेतली. ऑगस्टिनने आपल्या मंडळीला उपदेशातच सांगितलं की तुला कळला असेल तर तो देव नव्हे. 451 मध्ये खाल्किदोनच्या परिषदेत ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व एकत्र कसं, हा प्रश्न आला तेव्हा जमलेल्या शेकडो बिशपांनी चार गोष्टी नाकारल्या. मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. "कसं" ते त्यांनी लिहिलं नाही. कुंपण घातलं आणि आतली जागा देवाकडे राहू दिली. 1215 च्या लॅटरन परिषदेने म्हटलं की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवलं तरी त्याहून मोठा भेद उरतोच. थॉमस अक्वायनसने आयुष्यभर देवाविषयी लिहिलं, आणि डिसेंबर 1273 मध्ये मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) करताना काहीतरी अनुभवल्यावर लेखणी खाली ठेवली. लिहिलेलं सगळं गवताच्या काड्यांसारखं वाटतं, असं तो सोबत्याला म्हणाला. तीन महिन्यांनी तो वारला, ग्रंथ अपुराच राहिला. धर्मसुधारक कॅल्व्हिनला आपण सगळं नेमकं मांडणारा म्हणून ओळखतो, पण देव तारणासाठी कुणाला निवडतो या गुपितात शिरू पाहणारा अशा चक्रव्यूहात अडकतो की बाहेर पडायची वाट सापडत नाही, असा इशारा त्यानेच दिला आहे.

मार्टिन ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना सप्टेंबर 1542 मध्ये गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने मित्राला पत्र लिहिलं. इतक्या चांगल्या मरणाबद्दल आम्ही आनंदाने उपकारच मानायला हवेत, पण माया इतकी बळकट आहे की मला आणि माझ्या बायकोला ते रडल्याशिवाय जमत नाही, अशा अर्थाचं. पुनरुत्थानावरचा त्याचा विश्वास जराही हलला नव्हता. तरी त्या विश्वासाने तो आपलं रडू झाकत नाही. आपल्याकडे दफनविधीत रडणाऱ्या आईला "विश्वासणाऱ्यांनी रडायचं नसतं" असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असतानाही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

आता माझ्या धंद्याशी संबंधित एक गोष्ट, कारण "आम्हाला ठाऊक नाही" याचा उलटा गैरवापरही मला नको आहे. प्रत्येक "का" हे गूढ नसतं. कुत्रं चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली आणि लस वेळेवर पूर्ण घेतली तर रेबीज टळतो. लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीही वाचत नाही. जखमेला हळद-मिरची लावून घरी बसवलेलं मूल आठवडे उलटल्यावर आमच्याकडे यायचं, पाणी पाहून दचकायचं, आणि नातेवाईक म्हणायचे देवाची मर्जी. ती देवाची मर्जी नव्हती. जुलाबाने सुकून गेलेलं बाळ, ज्याला मीठ-साखर-पाणी वेळेवर मिळालं नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलेला मजूर. रक्त न मिळाल्यामुळे गेलेली बाळंतीण. यांचं कारण आपल्याला कळतं आणि त्यावर करण्यासारखं खूप असतं. माणसाच्या हलगर्जीपणावर देवाची सही करणं हीसुद्धा देवाच्या नावावर बोललेली खोटी गोष्टच आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 29 व्या अध्यायाचं शेवटचं वचन माझ्या वर्गातल्या फळ्यावर मी लिहून ठेवते. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या, त्या पाळण्यासाठी. दोन्ही अर्धी महत्त्वाची आहेत. आपण बहुतेक वेळा गुप्ताबद्दल बोलत बसतो आणि प्रकट केलेलं करायचं राहून जातं.

मुलांचं म्हणाल तर ती उत्तरं न मिळाल्यामुळे जात नाहीत. पोकळ उत्तरांमुळे जातात. इंदूर हे कोचिंगचं शहर आहे. माझ्या वर्गातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं सकाळपासून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घोटून येतात. त्यांना त्रैक्य, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे शिकवताना बर्फ, पाणी आणि वाफेचा दाखला आपण सगळेच देत आलो आहोत. तो दाखला खरं तर तिसऱ्या शतकातल्या साबेलियसच्या शिकवणीजवळ जातो : एकच देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो. मंडळीने ती शिकवण नाकारली, कारण प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र पाण्यात उभा होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि आकाशातून बापाची वाणी होत होती, हे सगळं एकाच वेळी. मी हे सांगितल्यावर एक मुलगा हात वर करून म्हणाला, "आंटी, ट्रिपल पॉइंटला पाणी तिन्ही अवस्थांत एकाच वेळी असतं." बरोबर आहे, शून्य अंशाच्या किंचित वर आणि अगदी कमी दाबाला ते घडतं. आम्ही फळ्यावर आकृती काढली. मग त्याच्याच लक्षात आलं की तिथेही जे पाणी बर्फ आहे ते त्या क्षणी वाफ नाही, आणि आपण तर पुत्र पूर्ण देव म्हणतो, आत्मा पूर्ण देव म्हणतो. त्याने विचारलं, मग नक्की कसं? मी म्हणाले, ते मला ठाऊक नाही, आणि 325 मध्ये निकायाच्या परिषदेत जमलेल्या बिशपांनीही ते उलगडून सांगितलं नाही. त्यांनी पुत्र बापाहून कमी आहे हे म्हणणं खोडलं, एवढं केलं. पण आपण बापाला, पुत्राद्वारे, आत्म्याच्या साहाय्याने प्रार्थना करतो हे मला ठाऊक आहे, आणि ते मी रोज करते. पुढच्या रविवारी तो मुलगा आला, सोबत मित्राला घेऊन आला, आणि दोघांनी सुटीच्या वेळेपर्यंत मला सोडलं नाही.

म्हणजे काहीच कळत नाही असं मी म्हणत नाही. देव प्रीती आहे हे आपल्याला सांगितलं आहे. अदृश्य देवाची प्रतिमा म्हणजे ख्रिस्त, हे सांगितलं आहे. तो कोड झालेल्याला हात लावतो, विधवेच्या मुलाची तिरडी थांबवतो, शत्रूंसाठी क्षमा मागतो, मरतो आणि उठतो. देव कसा आहे हे ओळखायला एवढं पुरेसं आहे. त्याने अमक्या दिवशी अमक्या घरात असं का होऊ दिलं, हे त्यातून निघत नाही. आपण ओळखतो त्या देवाची प्रत्येक कृती आपल्याला समजलीच पाहिजे, असा करार कुठेही झालेला नाही.

आपल्याच भागातली सिस्टर राणी मारिया सगळ्यांना माहीत आहे. देवास जिल्ह्यात उदयनगरच्या परिसरात ती सावकारीत अडकलेल्या आदिवासींसोबत काम करत होती. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये तिच्यावर चाकूचे वार झाले, आणि ती रस्त्यातच मरण पावली. पुढे तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधून आली. सुटकेनंतर तो केरळला त्यांच्या आईवडिलांना भेटायला गेला आणि त्यांनी त्याला मुलासारखं घरात घेतलं. 4 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्या शहरात तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा तोही तिथे होता. देवाने तिला त्या बसमध्ये का वाचवलं नाही, याचं उत्तर मिळाल्यावर मग क्षमा करू, असं त्या घराने म्हटलं असतं तर राखी आजवर बांधायचीच राहिली असती. काय करायचं ते प्रभूने आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी ते केलं. आम्ही मराठी प्रॉटेस्टंट घरांतली माणसं तिचं नाव क्वचित घेतो. घ्यायला हवं.

आता तुमच्याकडून हवं ते नेमकं सांगते. प्रार्थनागटाच्या प्रमुखांनी आपल्या लोकांना दवाखान्यात पाठवण्याआधी बजावावं की तिथे कारण सांगायचं नाही, पाप शोधायचं नाही, औषध बंद करायला लावायचं नाही. बसायचं, विचारायचं, डबा आणायचा, रात्रीची एक पाळी घ्यायची, म्हणजे घरच्यांना झोप मिळेल. प्रार्थना लहान करायची. बरं होण्यासाठी जरूर मागायचं, मी स्वतः मागते, आणि जे बरे झाले त्यांच्यासाठी मनापासून उपकार मानते. पण साक्षीच्या सभेत माईक फक्त बरे झालेल्यांच्या हाती जातो हे बदला. ज्याची प्रार्थना ऐकली गेली असं दिसत नाही आणि तरी जो दर रविवारी येऊन बाकावर बसतो, त्याचीही साक्ष आहे. डायलिसिसवरचा माणूस, मूल गमावलेले आईबाप, दोन्ही डोळे गेलेली म्हातारी. त्यांना शेवटी "पण आता सगळं ठीक आहे" असं म्हणायला लावू नका. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ते उपासनेत मोठ्याने वाचलेलं मला आठवत नाही. वर्षातून एकदा तरी वाचा.

राहता राहिला उत्तम शुक्रवार. प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात आणि चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो त्याची तारांबळ उडते, हे आपण दरवर्षी पाहतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे वाचून पुढच्याच वाक्यात वक्ता त्याचा खुलासा करायला लागतो. त्याग केला नव्हताच, किंवा आपल्या पापांमुळे बापाला पाहवलं नाही, किंवा प्रभू फक्त 22 वं स्तोत्र म्हणत होता. यातल्या काही खुलाशांत तथ्य असेलही. 22 वं स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळतं हेही खरं, आणि ते सगळंच वाचावं. पण देवाच्या पुत्राने "का" विचारलं आणि त्या दुपारी आकाशातून उत्तर आलं नाही, हे आपण ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचूच देत नाही. त्या बाकांवर दरवर्षी कुणीतरी असतं जे तोच प्रश्न घरून घेऊन आलेलं असतं. त्याला समजू द्या की हा प्रश्न वधस्तंभावरून विचारला गेला आहे आणि तो विचारणं म्हणजे अविश्वास नाही.

वक्त्यांची नावं लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होण्याआधीच ठरतात, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. यंदा चौथा उद्गार एखाद्या अशा व्यक्तीला द्या जिचं उत्तर अजून यायचं आहे. ती पाळक नसली तरी चालेल. तयारीला मदत हवी असेल तर मी येऊन बसेन. आणि मंडळीच्या येत्या पास्टरेट कमिटीच्या (कारभार पाहणाऱ्या समितीच्या) बैठकीत हे पत्र वाचून दाखवलं जाणार असेल, तर मला निरोप द्या. कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल तर समोरासमोर ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

आपली,
ख्रिस्तात एक भगिनी,
इंदूर